लेकरामागे राहिलेले आईबाप

पोटचे मूल आत्महत्येने गेले की बापाला पहिली सही करावी लागते ती पोलिसांच्या जबाबावर. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदनासाठी गाडी सरकारी रुग्णालयात जाते, आणि तिथल्या व्हरांड्यात बसलेल्या बापाला हवालदार विचारतो, कोणावर संशय आहे का? बाप मान हलवतो. कागदावर ओळ उमटते, ‘आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ खाली सही करणाऱ्या त्या माणसाच्या मनात त्याच घटकेला स्वतःविरुद्धची तक्रार दाखल झालेली असते, आणि ती पुढे कित्येक वर्षे निकाली निघत नाही.

येडशी हे धाराशिव जिल्ह्यातले, सोलापूर-धुळे महामार्गावरचे मोठे गाव. बालाघाटच्या डोंगरात, रामलिंगच्या अभयारण्याच्या कडेला वसलेले. इथून एक रस्ता बार्शीला जातो, एक लातूरला, एक धाराशिवला. याच रस्त्यांनी गावची पोरे शिकायला बाहेर पडतात. कोणी लातूरला नीटच्या शिकवणीला, कोणी पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. मागे राहतात ते सोयाबीन, तूर, ज्वारी सांभाळतात. हा लेख येडशीतल्या कोणा एका घराबद्दल नाही. पण येडशीसारख्या गावात असे घर कसे जगते, त्याला कोण विचारते आणि कोणी विचारायला हवे, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. तो नीट मांडला मात्र फार कमी गेला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसे आत्महत्येने गेली. त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली, सगळ्या राज्यांत जास्त. देशभरात विद्यार्थी होते १३,०४४ आणि त्यांत महाराष्ट्राचे १,७६४. अहवालात वय, शिक्षण, व्यवसाय, कारण असे तक्ते पानोपानी आहेत. त्यांच्या आईबापांचा तक्ता नाही. तो कोणी मागितलाही नाही. आत्महत्या रोखण्यावर गेली वीस वर्षे आपण पुष्कळ बोललो, समित्या नेमल्या, पॅकेजे दिली. ती घडल्यावर घरात जे उरतात त्यांच्याकडे मात्र आपली नजर गेली ती बहुतेक वेळा दोष शोधायलाच.

पहिले तेरा दिवस गाव घराला सोडत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मातीला सगळी भावकी येते. शेजारून भाकरी-पिठले येते, तिसऱ्या दिवशी राख सावडतात, पाहुणे दुखवट्याला येतात, रात्री भजनी मंडळ बसते. ही वर्दळ नकोशी वाटली तरी तिच्यामुळे घर एकटे पडत नाही. शहरातले जाणकार आज ज्याला आधारगट म्हणतात त्याची ही आपली जुनी सोय आहे आणि ती मोडीत काढण्याचे मला काही कारण दिसत नाही. खटकते ते त्या दिवसांत जे बोलले जाते ते.

दहाव्याचे बघा. पिंड ठेवले की सगळे मागे सरकून कावळ्याची वाट बघत बसतात. म्हाताऱ्या माणसाच्या दहाव्याला कावळा उशीर लावू लागला तर कोणीतरी पुढे होऊन ‘नातीचं लग्न आम्ही करू’ असा शब्द देतो, कावळा शिवतो आणि माणसे मोकळी होतात. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या पिंडापुढे कोणता शब्द द्यायचा? मामा म्हणतो, तुझ्या आईला सांभाळतो. चुलता म्हणतो, बहिणीचं शिक्षण थांबू देत नाही. बाप काहीच बोलत नाही. तरी कावळा येत नाही आणि मागे कुजबुज सुरू होते, ‘लेकराची काहीतरी इच्छा राहिली असंल.’ संध्याकाळपर्यंत ती कुजबुज बायांकडून आईच्या कानावर जाते. त्या एका वाक्यावर ती माउली पुढच्या कित्येक रात्री जागून काढते.

मग कोणी सांगते की लग्नाआधी गेलेले पोर मुंजा होऊन पिंपळावर राहते. कोणी सांगते, दुर्मरण आहे, त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी केल्याशिवाय गती नाही. तीन दिवसांचा तो विधी करून एखाद्या आईला झोप लागत असेल तर तिला अडवणारे आपण कोण? पण ज्या घरात आधीच सोसायटीचे कर्ज थकले आहे त्या घराला भीती घालून आणखी कर्जात लोटणे हे धर्माचे काम नव्हे. आणि ‘तुमचं लेकरू अडकून पडलंय’ हे वाक्य तर कोणत्याही आईबापाला कोणीच ऐकवू नये.

याच जिल्ह्यात, येडशीपासून फार लांब नाही असे तेर आहे. तिथे गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांची गोष्ट मराठी माणसाला सांगावी लागत नाही. विठ्ठलाच्या नामात देहभान हरपून चिखल तुडवत असताना रांगते मूल चिखलात आले आणि बापाच्याच पायाखाली गेले. पाण्याला गेलेली आई परत आली तेव्हा सगळे संपले होते. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात मूल परत मिळते, आणि कीर्तनकार तिथे पोचायची घाई करतात. मला त्या कथेतला मधला भाग मोलाचा वाटतो. तिथली आई गप्प राहत नाही. ती नवऱ्याला बोलते, विठ्ठलाला बोलते, त्या घरात अबोला होतो, शपथ घातली जाते, नवरा-बायको एकाच छपराखाली दोन माणसे होऊन राहतात. मूल गेलेल्या कोणत्याही घरात आज डोकावले तर हेच दिसते. परंपरेने तो राग, तो दुरावा कथेतून गाळून टाकला नाही.

आणि आणखी एक. ज्याच्या प्रत्यक्ष पायाखाली मूल गेले त्या बापाला वारकऱ्यांनी दोषी धरले नाही, ‘काका’ म्हटले. इतक्या पिढ्या ते नाव प्रेमाने घेतले जाते. एवढे मोठे मन असलेल्या मुलखात, ज्या लेकराने आपले दुखणे आईबापापासून लपवून ठेवले त्याच्या आईबापाला ‘तुमचं लक्ष नव्हतं का?’ असे विचारले जावे याचे वाईट वाटते.

हा लक्ष नसल्याचा आरोप सगळ्यात आधी आईवर येतो. सासरची माणसे बोलून दाखवतात, माहेरची मनात ठेवतात. आदल्या आठवड्यातला प्रत्येक प्रसंग ती तपासत बसते. तो जेवला नव्हता, फोनवर आवाज बारीक होता, सुट्टीला आला तेव्हा आपल्या वस्तू भावाला देऊन गेला. घडून गेल्यावर या खुणा ठळक दिसतात. घडण्याआधी त्या रोजच्या शंभर गोष्टींत मिसळलेल्या होत्या आणि वयात आलेल्या प्रत्येक पोराच्या घरात तशा असतात. आत्महत्येचा विचार करणारी तरुण मुले ज्यांना जास्त जपायचे असते त्यांच्यापासूनच पुष्कळदा तो लपवतात. मरावेसे वाटणे आणि जगावेसे वाटणे त्यांच्या मनात एकाच वेळी चालू असते, म्हणून सकाळी हसून बोललेले लेकरूही दुपारी जाऊ शकते. नैराश्य, दारू, अपमान, परीक्षा, फसलेले प्रेम, कर्ज, जातीवरून झालेला छळ, आजवर निदान न झालेला मानसिक आजार, यांतले एकच काहीतरी सहसा पुरे पडत नाही. कित्येक गोष्टी एकत्र येतात, आणि त्यातल्या काही आईबापाला कधीच कळलेल्या नसतात.

वर्तमानपत्राला मात्र एक कारण लागते. २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलीची बातमी राज्यभर गाजली, एस.टी.च्या पासाला पैसे नव्हते म्हणून तिने जीव दिला, असे छापून आले. पुढे दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी मोफत पासाची योजना आली. ते चांगलेच झाले, पुष्कळ मुलींचे शिक्षण त्याने वाचले असेल. पण त्या मथळ्याकडे तिच्या आईबापाच्या बाजूने बघा. जन्मभराच्या मायेची किंमत दोन-तीनशे रुपयांवर आली आणि तेवढेही तुम्हाला देता आले नाहीत, असे सगळ्या महाराष्ट्राने त्यांना सांगितले. ‘मोबाईल दिला नाही म्हणून’, ‘आई रागावली म्हणून’ असे मथळे आजही रोज निघतात. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारलेले नियम घातले. आत्महत्येची बातमी ठळक छापू नये, पद्धत आणि जागा सांगू नये, फोटो देऊ नये, कारण सोपे करून मांडू नये. जिल्हा पुरवण्यांत आणि गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत हे नियम कोणी वाचलेले दिसत नाहीत. फाट्यावर लागणारे मोठमोठे श्रद्धांजलीचे फलकही जपून लावावेत, कारण ते त्याच वयाची इतर मुले येता-जाता पाहत असतात.

आईबापांच्या जिवालाही या काळात धोका असतो, ही गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यात मुलगा गेल्याचे पाहून त्याच्या शेतकरी बापानेही लगोलग जीव दिला. डेन्मार्कमध्ये मूल गमावलेल्या एकवीस हजारांवर आईबापांच्या नोंदी तपासून २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला गेला. त्यात मूल कोणत्याही कारणाने गेलेले असो, पहिल्या तीन वर्षांत अशा आयांच्या अनैसर्गिक मृत्यूचे प्रमाण इतर आयांच्या जवळपास चौपट आढळले. आपल्या पुराणकारांनाही हे ठाऊक होते. महाभारताच्या आदिपर्वात शंभर पुत्र गमावलेले वसिष्ठ ऋषी स्वतःला दोरांनी बांधून नदीत उडी घेतात. नदी त्यांचे पाश सोडवून त्यांना काठावर आणून ठेवते, म्हणून तिचे नाव विपाशा. ब्रह्मर्षीला जे सोसवले नाही ते येडशीच्या रानात राबणाऱ्या माणसाने मुकाट सोसावे, अशी अपेक्षा आपण कशी करतो?

म्हणून काही गोष्टी भावकीने पहिल्याच आठवड्यात कराव्यात. घरातली फवारणीची औषधे, जास्तीच्या गोळ्या काही महिने दुसऱ्याच्या ताब्यात ठेवाव्यात. आईबापाला, आजी-आजोबांनाही, रात्री एकटे सोडू नये. आणि सरळ विचारावे, ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ असे विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. तो आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे, तेराव्याची वाट बघू नये.

पुढचा काळ कसा जातो याबद्दल बऱ्याच खोट्या समजुती आहेत. शोकाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीने पार पडतात, हे आता आपल्याकडच्या भाषणांतही ऐकू येते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते सरसकट लावणे चूक आहे. ‘वर्ष झालं, आता सावरा’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या शर्ली मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास पाहावा. अपघात, खून किंवा आत्महत्येने तरुण मूल गमावलेल्या आईबापांना त्यांनी पाच वर्षे पुनःपुन्हा भेटून विचारले. कारण कोणतेही असो, झाल्या गोष्टीला मनात कुठेतरी जागा सापडायला बहुतेकांना तीन-चार वर्षे लागली होती. वर्षश्राद्ध झाले म्हणून दुःखाची मुदत संपत नाही. उलट दुसरे वर्ष काहींना जास्त जड जाते, कारण तोवर विचारणारे थांबलेले असतात.

नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये जे सांगितले ते मला शेतकऱ्याच्या घराला जास्त लागू पडणारे वाटते. शोक करणारा माणूस दुःखात बुडणे आणि रोजच्या कामाला लागणे यांच्यात येरझारा घालत असतो, आणि या दोन्हींची त्याला गरज असते. पंधराव्या दिवशी बाप कोळपणीला गेला तर ‘ह्याला काहीच वाटत नाही’ असे लोक म्हणतात. आई सहा महिन्यांनीही दारात बसून रडते तर ‘किती दिवस धरून बसणार’ म्हणतात. दोघेही आपापल्या परीने तेच ओझे वाहत असतात. बाप बांधावर, कोणी नसताना रडतो. ते बायकोला दिसत नाही, आणि तिला वाटते हा विसरला. मूल गेल्यावर जोडप्यांत तेढ येते ती पुष्कळदा या गैरसमजातून. जवळच्या कोणी दोघांना एकत्र बसवून एवढे सांगितले तरी खूप.

सण तर अंगावर येतात. आमच्या लातूर-धाराशिवकडचा मोठा सण वेळा अमावस्या, येळवस. सगळे घर शेतात जाते, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबील असते, पै-पाहुण्यांना बोलावून जेवू घालतात. एरवी पुण्या-मुंबईला असलेली पोरे त्या दिवशी गावी येतात. पहिल्या येळवशीला अशा घराच्या शेतात चूल पेटत नाही, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या शेतातून डबा येतो, तिसऱ्या वर्षी आई आंबील करते आणि त्याला आवडायची म्हणून थोडी बाजूला काढून ठेवते. घरातले गप्प होतात, कोणी ‘आता कशाला’ म्हणते. म्हणू नये. गेलेल्याशी नाते तोडले म्हणजे माणूस बरा होतो, हा जुना समज डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ च्या त्यांच्या ग्रंथात खोडून काढला. क्लास वर्षानुवर्षे मूल गमावलेल्या आईबापांच्या गटात बसत होते. त्यांना दिसले की सावरलेले आईबाप मुलाला विसरलेले नव्हते, त्याच्याशी नाते ठेवूनच ते जगायला शिकले होते. वाटीभर आंबिलीला याहून मोठा आधार कशाला हवा?

धोका वेगळा ओळखायचा असतो. वर्ष उलटले तरी रोज, दिवसभर तीच ओढ, जेवण-झोप-काम सगळे बंद, जगण्यात अर्थ नाही असे ठाम वाटणे, असे असेल तर तो आता दीर्घ शोकाचा विकार मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आणि २०२२ पासून अमेरिकी मनोविकार संघटनेच्या यादीतही त्याची नोंद आहे. त्यावर खास समुपदेशन आहे, आणि सोबत नैराश्य असेल तर औषधेही आहेत. औषध घेतले म्हणजे लेकराचे दुःख कमी मानले, असे होत नाही.

भावंडांबद्दल थोडक्यात, पण आवर्जून. त्यांना खोटे सांगू नये. ‘अटॅक आला’, ‘गावाला गेला’ असे सांगितलेले पोर शाळेत खरे ऐकते आणि मग घरावरचाच विश्वास गमावते. वयाला समजेल इतक्या शब्दांत, पद्धतीचे वर्णन टाळून खरे सांगावे आणि ‘यात तुझी काही चूक नाही’ हे पुनःपुन्हा सांगावे. दादाचे स्वप्न आता तू पुरे कर, असे ओझे तर त्यांच्यावर मुळीच टाकू नये.

काही आईबाप आपले दुःख न्यायालयात घेऊन गेले. डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये मुंबईत आत्महत्येने गेली. जळगावच्या तिच्या आई आबेदा तडवी यांनी असाच गेलेला विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आई राधिका यांच्यासोबत त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात उच्च शिक्षणसंस्थांतल्या जातिभेदाविरुद्ध याचिका केली. दिल्लीच्या आय.आय.टी.त शिकणाऱ्या दोन मुलांच्या पालकांच्या प्रकरणात न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांवर राष्ट्रीय कृती दल नेमले, न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचे वडील तिच्या मृत्यूच्या तपासासाठी झगडले. त्यांच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी आणि शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, अशी त्यातली एक सूचना. लातूरच्या शिकवण्यांत मुले पाठवणाऱ्या येडशी, कळंब, बार्शीच्या पालकांनी ती माहीत करून घ्यावी आणि फी भरताना समुपदेशकाची चौकशी करावी.

या आयांचे, बापांचे धैर्य मोठे आहे आणि त्यांच्यामुळे दुसऱ्यांची मुले वाचतील. पण प्रत्येक आईने लढले पाहिजे, दुःखातून काहीतरी उभे केले पाहिजे, अशी सक्ती आपण करू लागलो तर ती निर्दयता होईल. सकाळी उठून गुरांना वैरण घातली, एवढे ज्याला जमले त्याने पुष्कळ केले.

आता व्यवस्थेकडे. आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा राहिलेला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पुढच्या वर्षी लागू झाला तेव्हाच तो गुन्हा ठरवणाऱ्या कलमाची धार गेली होती, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते कलम त्या रूपात उरले नाही. तरी गावात ‘केस होईल’ ही भीती आहे आणि तिच्यापायी घरे खरे बोलत नाहीत. २०१५ मध्ये राज्याने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले ते दोनच जिल्ह्यांत, यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव. पाठोपाठ विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. आशाताईंनी घरोघर जाऊन निराश माणसे हेरायची, त्यांना उपचारापर्यंत न्यायचे, १०४ वर समुपदेशन मिळायचे. म्हणजे या जिल्ह्याला हा रस्ता माहीत आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातलीच माणसे शिकवून कामाला लावली, तेव्हा नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गावपातळीवर हे काम होते, याचा याहून चांगला पुरावा दुसऱ्या देशातून आणायची गरज नाही.

उणीव आहे ती पुढच्या पायरीची. आत्महत्या झाल्यावर सरकारी माणूस त्या घरी येतो तो पोलीस म्हणून किंवा तलाठी म्हणून. गेलेला मुलगा शेती करणारा असेल तर २००६ च्या निर्णयानुसार एक लाखाच्या मदतीसाठी ‘पात्र की अपात्र’ हे ठरवायला चौकशी होते. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचे, थकलेले होते का. ‘अपात्र’ असा शेरा आला की आईबापाला वाटते आपल्या लेकराचे मरणही खोटे ठरवले. त्याच घरी आरोग्य खात्याचा माणूस म्हणून कोणीच येत नाही. अमेरिकेत लुईझियाना राज्यात फ्रँक कँपबेल यांनी वेगळी पद्धत बसवली. घटना घडताच अशाच दुःखातून गेलेला प्रशिक्षित माणूस त्या घरी जातो, बसतो, पुढे कुठे जायचे ते सांगतो. मदत मागायला येण्याची वाट पाहिली जात नाही. इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये मूल गमावलेल्या पालकांची ‘कंपॅशनेट फ्रेंड्स’ ही संघटना उभी राहिली ती रुग्णालयातल्या एका धर्मगुरूने दोन दुःखी जोडप्यांची गाठ घालून दिली म्हणून. आपल्याकडे पुण्याची ‘कनेक्टिंग’ ही संस्था आत्महत्येने माणूस गमावलेल्यांसाठी काम करते. मदुराईच्या नंदिनी मुरली यांनी पती गेल्यावर याच कामाला वाहून घेतले. मराठवाड्याच्या गावात मात्र अशा आईला तिच्यासारखीच दुसरी आई भेटेल अशी सोय मला दिसत नाही.

ती करणे अवघड नाही. आशाताई गावातल्याच असतात, कोणत्या घरी काय घडले हे त्यांना पहिल्या दिवशी कळते. बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या भेटी त्या देतातच. तशाच या घरी भेटी ठरवून द्याव्यात. पहिल्या आठवड्यात, महिन्याने, तीन महिन्यांनी, पहिल्या सणाला, वर्षश्राद्धाच्या सुमारास. त्याचे मानधन द्यावे, आणि गरज दिसली तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवायची जबाबदारी ठरवून द्यावी. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे. शिकवणारी माणसे जिल्ह्याबाहेरून आणावी लागणार नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाला २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करायचे आहे. ज्या घरात एक मरण झाले तिथले दुसरे टळले तर ते त्याच उद्दिष्टात मोजले जाईल.

शेजाऱ्यांना आणि सोयऱ्यांना माझी विनंती याहून साधी आहे. दहाव्याला पिंडापुढे दिलेला शब्द पाळा. बहिणीच्या फीचे म्हटले असेल तर जूनमध्ये आठवणीने जा. त्या घरी गेल्यावर लेकराचे नाव घ्या, त्याचा एखादा चांगला प्रसंग सांगा, आई रडली तर रडू द्या. ‘का केलं असंल?’ विचारू नका. दुसऱ्या येळवशीला त्यांना आपल्या शेतात बोलवा, नाही आले तर तिसऱ्या वर्षी पुन्हा बोलवा. आणि जे स्वतः असे आईबाप आहेत, ज्यांना रात्री एक-दोन वाजता कोणाशी तरी बोलावेसे वाटते, त्यांच्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.